शून्य तक्रारींचं गाव

विनीता परुळेकर तिसऱ्यांदा आडबावला आली तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता आणि गावात कुणाला मान वर करायलाही फुरसत नव्हती. मिठबावच्या पुढे खाडीवरचा साकव ओलांडला की हे गाव लागतं. खाली मासेमारांची वस्ती, मधे माडांच्या बागा आणि वर कातळावर हापूसची कलमं. रस्त्याच्या कडेला जागोजागी पेट्या भरणं चाललं होतं. तरीही तिची गाडी दिसली की लोक हात वर करत. चौदा वर्षांत गावाला ती आपली वाटायला लागली होती, आणि तिलाही गाव आपलं वाटत होतं.

ती मूळची मालवणची, शाळामास्तरांची मुलगी. पुण्याच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची. गावात गुन्हे होऊ नयेत म्हणून लोकांनी आणि पोलिसांनी मिळून काय करावं, हा तिचा अभ्यासाचा विषय. नातेवाइकांना तो कधी नीट कळला नाही. पोरगी पोलिसांत आहे की पोलिसांच्या विरोधात, असं एक काका अजून विचारायचे.

तिची सगळी कारकीर्द आडबाववर उभी होती. २०११ साली पीएचडीसाठी ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा सत्यवान नावाच्या माणसाने नुकतीच गावाची सुरक्षा समिती बांधली होती. हा सत्यवान बारा वर्षं जहाजावर नोकरी करून परत आलेला, शब्दाला पक्का. समितीची माणसं आळीपाळीने गस्त घालायची. भांडणतंटे समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बसून मिटवले जायचे. पोलीस ठाण्यातल्या नोंदी विनीता तपासत राहिली, तर पुढच्या सहा वर्षांत आडबावची एकही तक्रार नव्हती. तिने घरोघर जाऊन एकशे चाळीस घरांची पाहणी केली. लोक म्हणाले, आमच्याकडे भीती नाही. २०१७ साली तिने पुन्हा पाहणी केली, पुन्हा तेच उत्तर आलं. त्यावर तिचे लेख छापून आले, परदेशात भाषणं झाली, नोकरीत बढती मिळाली. पोलीस खात्यातले लोक त्याला ‘आडबाव नमुना’ म्हणायला लागले.

त्या नमुन्यातली एक गोष्ट तर तिचीच होती. पहिल्या खेपेला निघताना सत्यवानने विचारलं होतं की आम्ही अजून काय करावं. कुठेतरी वाचलेलं आठवून ती सहज म्हणाली, बाहेरून येऊन राहणाऱ्यांची एक नोंदवही ठेवा. समितीने ती खरंच ठेवली. बागांमधले नेपाळी राखणदार, होड्यांवरचे परप्रांती खलाशी, सगळ्यांची नावं, फोटो आणि महिन्यातून एकदा सही. तिने आपल्या लेखात या वहीचं दोन परिच्छेद कौतुक केलं होतं.

आता किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला ही वही लागू करायची, असं पोलीस खात्यात ठरत होतं. त्याची पुस्तिका तयार होत होती आणि लेखिका म्हणून विनीताचं नाव पडणार होतं. सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, त्याची बैठक होती. त्याआधी आठ दिवसांत तिसरी पाहणी उरकायची म्हणून ती आली होती.

उतरली नेहमीसारखी सत्यवानकडेच. त्याच्या बायकोने, किशोरीवहिनीने, तिची खोली झाडून ठेवली होती. जेवायला सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी होती, गप्पा होत्या, सगळं जागच्या जागी होतं. तरी पहिल्या दोन दिवसांतच विनीताला कसंतरी व्हायला लागलं. लोक उत्तरं देत होते, हसून देत होते, पण ती उत्तरं तिला आधीच पाठ होती. ‘आमच्याकडे काय एक त्रास नाय.’ घर बदललं तरी वाक्य बदलत नव्हतं. चौदा वर्षांत एका गावात एकाही माणसाला एकदाही भीती वाटू नये? हा प्रश्न तिने वर्गात मुलांना कितीतरी वेळा घातला असता, दुसऱ्या कुणाच्या अभ्यासाबद्दल. संध्याकाळी ती पडवीत बसेना, उठून अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. वहिनीने विचारलं तर म्हणाली, उकडतंय.

तिसऱ्या दिवशी एकशे चौदा नंबरचं घर शोधताना ती वाट चुकली. पायवाट चढून कातळावर गेली आणि एका बागेतल्या मांगरापाशी पोचली. मांगर म्हणजे बागेतली राखणीची खोपटी. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, दाराशी तुळस. एक बाई बाहेर येऊन घाईघाईने पदर सारखा करत म्हणाली, बसा, पाणी देते. तिचं नाव सीता. नवरा टेकराज बागेत आंबे उतरवत होता. दोघं नेपाळहून आलेली, पण बोलत होती चांगली मालवणी. इथे येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. मुलगी आकांक्षा इथेच जन्मली, बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. तिनेच विनीताच्या हातातल्या कागदांकडे बघून विचारलं की हे कसले प्रश्न.

विनीताने सांगितलं. आकांक्षा म्हणाली, “मगे आमका इचारूक कोण कसा येवक नाय?”

ग्रामपंचायतीच्या यादीतल्या घरांनाच विचारतात, विनीता म्हणाली. नंबर असलेल्या.

“आमच्या घराक नंबर नाय,” मुलगी म्हणाली. “वहीत मात्र आसा. सात.”

ती रागाने बोलली नव्हती, माहिती द्यावी तसं बोलली. विनीताने मात्र पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पाहणीची यादी तिने स्वतः केली होती, ग्रामपंचायतीच्या दप्तरावरून. मांगर त्या दप्तरात नव्हते, होडीवाल्यांच्या खोपटी नव्हत्या. म्हणजे गावाने ज्यांच्यावर नजर ठेवायची ठरवली होती, त्या एकालाही तिने चौदा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केली असती तर तिने लाल शाईने खूण केली असती, इतकी ती साधी चूक होती.

माझे प्रश्न तुम्हाला विचारू का, असं ती म्हणाली. तेवढ्यात टेकराज आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. आंबे उतरवायची झेल्याची काठी त्याने उजव्या हाताने भिंतीला टेकवली. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. तो खाली बसला आणि प्रश्नांना हो-नाही करत राहिला. चौदावा प्रश्न होता: गेल्या दहा वर्षांत घरातल्या कुणाला मारहाण झाली का, कुणी धमकावलं का, कुणी अडवून ठेवलं का?

सीता उठून आत गेली. टेकराज जमिनीकडे बघत राहिला. शेवटी आकांक्षाच बोलली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. बंदरावरच्या एका होडीचं इंजिन चोरीला गेलं. समितीच्या माणसांनी वही उघडली आणि बाबांना उचलून नेलं. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत दोन दिवस ठेवलं. परत आले तेव्हा हात सुजलेला होता. देवगडला डॉक्टरांकडे न्यायलाही आई घाबरली. तीन आठवड्यांनी इंजिन आरोंद्याला सापडलं. सत्यवानच्या भाच्याने, गुरुदासने, ते नेऊन विकलं होतं. ते गुपचूप परत आणलं, होडीवर बसवलं. मांगरात येऊन कुणीच काही बोललं नाही.

विनीताने विचारलं, कुठलं साल?

“दोन हजार सतरा,” आकांक्षा म्हणाली. “तुळशीच्या लग्नाच्या नंतर.”

विनीता उठली. कातळावरून उतरताना दोनदा तिचा पाय घसरला. खोलीत येऊन तिने लॅपटॉप उघडला आणि जुन्या टिपणवह्यांची स्कॅन केलेली पानं काढली. ती सगळं लिहून ठेवायची, त्याचा तिला अभिमान होता. आणि ते तिथे होतंच, तिच्याच नीटस अक्षरात. ‘१४ नोव्हेंबर २०१७. समितीची खोली बंद. चावी सापडत नाही असं सत्यवानदा म्हणाले. मुलाखती शाळेच्या पडवीत घेतल्या. पंधरा झाल्या. कुणालाही भीती नाही.’

शाळा आणि समाजमंदिर यांच्यामधे एक आवार होतं, फार तर सत्तर पावलांचं.

दुपारी सत्यवान पडवीत सुपारी कातरत बसला होता. तिने समोर जाऊन सरळ टेकराजबद्दल विचारलं. सत्यवानने अडकित्ता बाजूला ठेवला. नाकारलं काहीच नाही. समोरच्या माडांकडे बघत तो म्हणाला की पोरं तापली होती, होडीवाला रडत होता, आणि वहीत नाव होतं. मारायला नको होतं. टेकराजला नंतर काही कमी पडू दिलं नाही. आकांक्षाला हायस्कुलात घेत नव्हते, कागद अपुरे होते, तेव्हा मीच जाऊन भांडलो. हे सगळं खरंच होतं, ते तिला नंतर कळलं.

“मारला कोणी?” तिने विचारलं.

“मी हात लावूक नाय. पण मी थंयच होतंय.”

“आणि माका चावी हरवली म्हणान सांगितलंस.”

“तुका सांगला आसता तर तू ता लिवलं आसतंस,” सत्यवान म्हणाला. “गावाचा नाव गेला आसता. आणि तुझा पण गो.”

शेवटचं तो दुष्टपणे बोलला नव्हता. धाकट्या बहिणीची काळजी करावी तसं बोलला होता, आणि म्हणूनच विनीताला तिथे बसवेना. कारण त्या वर्षी तिच्या बढतीची मुलाखत होती, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. तिने बॅग भरली. वहिनी दारात उभी राहून नुसती बघत होती, काय झालं ते तिने विचारलं नाही. तिलाही तेव्हापासून माहीत असणार, हे तेव्हा कुठे विनीताच्या ध्यानात आलं. ती मिठबावला एका लॉजमधे जाऊन राहिली.

तिथेही तिला स्वस्थता नव्हती. शनिवारी सकाळी ती पुन्हा मांगरावर गेली. तक्रार करायची असेल तर मी बरोबर येते, असं तिने सांगितलं. वकील बघते, वर्तमानपत्रात लिहिते. टेकराजने ऐकून घेतलं. मग म्हणाला की बाग दुसऱ्याची, कागद आमचे अर्धवट, पोरीचं शिक्षण अजून व्हायचंय. तक्रार नको.

“वहीतसून आमचा नाव काढूक सांगा. बाकी काय नको.”

आतून सीता म्हणाली, “ता पण नको. कोणी सांगला म्हणान इचारतले.”

आकांक्षाचं म्हणणं होतं की सगळं लिहायचं, नावानिशी. मायलेकींचा नेपाळीतून वाद सुरू झाला. विनीताला शब्द कळत नव्हते, पण सीतेचा आवाज मधेच चिरकला तेव्हा आकांक्षा गप्प बसली. टेकराजने विनीताकडून शब्द घेतला की आमच्याबद्दल कुठे काही बोलणार नाही. तिने दिला. अशा पाहणीत माहिती देणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं, हे तर ती स्वतः मुलांना शिकवायची. पण नियम पाळताना इतकी चिडचिड तिला कधी झाली नव्हती.

रविवार तिने मिठबावच्या समुद्राकाठी, पुळणीवर चालण्यात घालवला. पुस्तिकेवर सही करावी तर हे असं. न करावी तर कारण काय सांगायचं? कारण बोललं की गावात सगळ्यांना कळणार, ते कुठून आलं. पुस्तिकेचा मसुदा तिने चालता चालता तीनदा वाचला. भाषा तिचीच होती, स्वच्छ आणि खात्रीची. एकेक वाक्य वाचताना तिला लाज वाटत होती.

सोमवारी ओरोसच्या बैठकीत सहा-सात अधिकारी होते. बैठक चालवत होत्या पोलीस उपअधीक्षक दिव्या गावस, तिशीतल्या, मुद्द्याचं बोलणाऱ्या. विनीताने उभं राहून सांगितलं की माझ्या तिन्ही पाहण्यांमधे मोठी चूक आहे. बागेतले राखणदार, होडीवरचे खलाशी यांना मी विचारलेलंच नाही. त्यामुळे आडबाव सुरक्षित आहे असं माझ्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शून्य तक्रार याचा अर्थ शून्य गुन्हे असा मी लावला, तो चुकीचा होता. नोंदवही तर काढूनच टाकावी. ती माझीच सूचना होती, मी ती मागे घेते.

खोलीत चुळबुळ झाली. एक वयस्कर अधिकारी समजुतीने म्हणाले की मॅडम, ही भर पुढच्या आवृत्तीत घालू, आता छपाईला जायचंय. विनीता म्हणाली, मग माझं नाव घालू नका.

बैठक संपल्यावर दिव्या गावस यांनी तिला मागे थांबवलं. “मॅडम, आडबावला काही घडलंय का?” त्यांनी विचारलं.

विनीता आपले कागद गोळा करत राहिली.

“घटना असेल तर मला फाइलवर लिहिता येतं. पाहणीतली चूक एवढ्यावर मी वरच्यांना अडवू शकत नाही.”

“मला सांगता येणार नाही,” विनीता म्हणाली.

“म्हणजे आहे.”

विनीताची मान खाली गेली. दिव्या गावस यांनी मसुदा पुढे ओढला आणि नोंदवहीच्या परिच्छेदातला ‘बंधनकारक’ हा शब्द खोडून ‘ऐच्छिक’ लिहिला. एवढंच माझ्या हातात आहे, असं त्या म्हणाल्या. चौदा वर्षांच्या कामातून त्या दिवशी एक शब्द बदलला. पुस्तिका जून महिन्यात छापून आली. लेखिकेचं नाव नव्हतं, मजकूर तोच होता.

विनीता पुण्याला परतली आणि ज्या मासिकाने तिचा पहिला लेख छापला होता, तिथे दुरुस्ती पाठवली. तीन पानांची, कुणाचं नाव न घेता. ‘आडबावचा निष्कर्ष मी मागे घेत आहे’ असं पहिलंच वाक्य. त्यानंतर विभागातले लोक तिच्याशी जरा जपून बोलायला लागले. ज्या विद्यार्थ्याचा प्रबंध आडबाव नमुन्यावर होता, तो दोन दिवस तिच्या खोलीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने विचारलं की आता मी काय करू. तिने त्याला बसवून घेतलं, दोघांनी मिळून यादी नव्याने करायला घेतली. ती आता घरी कमी आणि विभागात जास्त बसायची, आणि बसून फार काही व्हायचं नाही. वाक्य लिहायची, खोडायची, खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

मधून मधून आडबावचं कळत होतं. मे महिन्यात समितीची सभा झाली. सत्यवानने स्वतःहून मांडलं की दहा वर्षांहून जास्त राहिलेल्यांची नावं वहीतून काढावी. गुरुदास आणि त्याचे दोन मित्र विरोधात बोलले. तेव्हा सत्यवान सगळ्यांसमोर म्हणाला की इंजिनाची गोष्ट मी इथे काढू का. त्यावर सभा गप्प झाली. पाच नावं निघाली, त्यात टेकराजचं होतं. वही मात्र राहिली. नव्याने आलेले खलाशी अजून दर महिन्याला सही करायला जात होते. सत्यवानने अध्यक्षपद सोडलं. हे विनीताला फोनवर किशोरीवहिनीने सांगितलं, आणि फोन ठेवताना पुढच्या खेपेला आमच्याकडेच उतर असंही म्हणाली. विनीताने नुसतं ‘हूं’ म्हटलं.

सीतेने मात्र फोनवर वेगळंच सांगितलं. “आता सगळी गोड बोलतत,” ती म्हणाली. “ताचीच भीती वाटता.”

जुलैमधे आकांक्षाला सावंतवाडीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागा मिळाली. तिला पोचवायला टेकराज येणार होता. दोन दिवस आधी त्याने स्वतः विनीताला फोन केला आणि भेटायचं असेल तर या, एवढंच म्हणाला. ती आदल्या रात्रीची बस पकडून निघाली. आंबोलीच्या घाटात दरड पडल्यामुळे गाडी दोन तास अडकली, आणि तो निघून तर जाणार नाही ना, या काळजीने ती सारखी उठून दारापाशी जात होती.

तो एसटी स्टँडच्या कॅन्टीनमधे थांबला होता. मुलगी वसतिगृहात सामान लावत होती. बाहेर पाऊस एकसारखा पडत होता आणि आत भज्यांच्या वासात माणसं दाटीवाटीने बसली होती. विनीताने चहा मागवला. टेकराजने कप उजव्या हाताने उचलला आणि म्हणाला की पोरगी आता त्या गावात नाही, आता सांगायला हरकत नाही. विनीताने पिशवीतून वही काढली.

त्याने वहीवरून नजर तिच्याकडे वळवली. मग त्याने विचारलं, “त्या दिवशी तुमी खंय होतात?”

हे तिला कुणी विचारेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने खरं तेच सांगितलं. “शाळेच्या पडवीत. लोकांक इचारी होतंय, गावात भीती वाटता काय म्हणान.”

टेकराजने मान हलवली. तो रागावला नाही, त्याला नवल वाटलं असंही दिसलं नाही. त्या खोलीच्या खिडकीतून शाळेचं छप्पर दिसत होतं, तो म्हणाला. तिथे कुणीतरी पाहुणी बाई आली आहे असं बाहेर बोलत होते, म्हणून माझ्या तोंडात फडका घातला. विनीताचं पेन हातात तसंच राहिलं. तो थांबला नाही. किती माणसं होती, कुणी काय म्हटलं, कोण दाराशी उभं राहून ‘पुरे’ म्हणत होतं, कोण पाणी घेऊन आलं, सगळं तो ओळीने, आवाज न चढवता सांगत गेला. आठ वर्षं त्याने ते कुठेतरी नीट लावून ठेवलेलं असावं. पाणी घेऊन आलेली किशोरीवहिनी होती. ‘पुरे’ म्हणणारा सत्यवान होता, आणि कुणी त्याचं ऐकलं नव्हतं.

कोंडून ठेवल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत तो आला होता तेवढ्यात देवगडची गाडी लागल्याची घोषणा झाली. पुढची गाडी संध्याकाळी होती आणि मांगरात सीता एकटी होती. तो उठला. छत्री घेतली, दोन पावलं गेला, परत वळला.

“नाव लिवा,” तो म्हणाला. “माझा. गावाचा पण.”

विनीताने विचारलं, सीतावहिनींना चालेल का? तो म्हणाला की तिला मी सांगतो, आणि गर्दीतून वाट काढत गाडीकडे गेला. गाडी आवाराबाहेर पडली तरी ती उभीच होती. मग ती खाली बसली, थंड झालेला चहा बाजूला सारला आणि तो जे बोलला ते जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता, लिहायला घेतलं. पुण्याची गाडी सुटायला अजून चाळीस मिनिटं होती. गाडी तिला न घेताच सुटली तेव्हा विनीता लिहिण्यात पहिल्या दिवसाच्या दुपारपर्यंतच पोचली होती.